सप्तशृंगाचा कडा आणि बेसाल्टाची सूक्ष्मरचना

वणीच्या बाजारपेठेतून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता सातमाळेच्या रांगेत एक उभा, काळाभोर कडा नजरेत भरतो. तोच सप्तशृंगगड होय. वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात आणि गड कळवण तालुक्यात मोडतो. तथापि लोकांच्या तोंडी देवी ‘वणीची’च आहे. सुमारे ४,६०० फूट उंचीच्या या डोंगराच्या कड्याच्या पायथ्याशी, प्रत्यक्ष कातळातच कोरलेली, सुमारे आठ फूट उंचीची अष्टादशभुजा मूर्ती आहे. चैत्रातील यात्रेस व नवरात्रात खानदेशातून आणि नाशिक जिल्ह्यातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ याच कड्याखाली लागते. पाचशेहून अधिक पायऱ्या चढून माणसे मंदिरात पोहोचतात. २०१८ पासून फनिक्युलर ट्रॉलीचीही सोय झालेली आहे. आणि याच कड्यावरून दगड सुटतात.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एम. के. अन्सारी, टी. एन. सिंह प्रभृती संशोधकांनी २०१२ साली या कड्यावरील दरडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुटलेला दगड किती वेगाने येईल, किती उंच उसळेल व कोठे थांबेल, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी संगणकाच्या साहाय्याने शोधली. कड्यावर संरक्षक जाळ्यांचे काम झाले, त्यामागे अशाच प्रकारचे हिशेब असतात. परंतु दगड सुटल्यानंतर त्याचे काय होते हा एक प्रश्न, आणि तो मुळात सुटतोच का हा दुसरा. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधीत मागे गेले असता, एकाच खडकाकडे दुर्बिणीतून पाहणारे, सूक्ष्मदर्शकातून पाहणारे आणि दाबयंत्रात घालून फोडणारे असे तीन प्रकारचे लोक दीर्घकाळ एकमेकांना न विचारता काम करीत होते, असे दिसून येते.

दख्खनच्या खडकाचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची गणना होते. १८३०च्या दशकात लंडनच्या भूवैज्ञानिक मंडळापुढे त्याने या प्रदेशाविषयी जो निबंध ठेवला, त्यात आडवे थर, त्यांची दूरवर टिकून राहिलेली समपातळी, स्तंभाकार फुटलेला बेसाल्ट आणि पोकळ्यांत खनिजे भरलेला खडक या सर्वांची नोंद आहे. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६०च्या दशकात पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप खडकांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. ‘ट्रॅप’ हा शब्द स्कँडिनेव्हियातील पायरीवाचक शब्दावरून आलेला आहे. गडाच्या पायऱ्या चढणाऱ्यास ही संज्ञा निराळी समजावून द्यावी लागत नाही. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराची उतरती माची, पुन्हा कडा, पुन्हा माची, ही रचना या अभ्यासकांनी अचूक ओळखली. कठीण काय आणि मऊ काय हे त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळत होते. का कठीण आणि का मऊ हे मात्र हातोडी सांगू शकत नव्हती.

येथे पाथरवटाचा उल्लेख करावयास हवा, कारण त्याचे ज्ञान साइक्सच्या पुष्कळ आधीचे आहे. टाकी मारल्यावर काळा पाषाण कोणत्या अंगाने फुटेल, कोणता दगड ‘वाजतो’ आणि कोणता ‘बद्द’ बोलतो, नव्याने फोडलेला दगड एक पावसाळा उघड्यावर टाकून मग बांधकामास का घ्यावा, या गोष्टी त्याला ठाऊक होत्या. यांपैकी शेवटची रीत विशेष महत्त्वाची आहे, हे पुढे दिसेल.

सूक्ष्मदर्शकाचा प्रवेश शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने घडवून आणला. खडकाची चकती घासून घासून इतकी पातळ करावयाची की तीतून प्रकाश आरपार जावा, ही कल्पना त्याने १८४९च्या सुमारास अमलात आणली आणि १८५८ साली स्फटिकांच्या सूक्ष्मरचनेवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला. डोंगर सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे नसतात, अशी त्याची थट्टा झाली. परंतु जर्मनीतील फर्डिनांड त्सिर्केल याने ही पद्धत त्याच्याकडून उचलली आणि १८७० साली केवळ बेसाल्टांच्या सूक्ष्म घटनेवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या खडकात डोळ्यांना काळ्या रंगापलीकडे काहीच दिसत नाही, त्याच खडकापासून या शास्त्राने आरंभ करावा हे योग्यच होते.

दख्खनच्या बेसाल्टाचा पातळ छेद भिंगाखाली धरला असता फेल्स्पारच्या लांबट, फिकट पट्ट्या एकमेकींना अडवीत पसरलेल्या दिसतात. त्यांच्यामधल्या कोनांत ऑजाइटचे तपकिरी कण आणि लोहखनिजांचे अपारदर्शक ठिपके असतात. कित्येक छेदांत मोठ्या ऑजाइटने अनेक फेल्स्पार-पट्ट्या आपल्या पोटात घेतलेल्या असतात. भिंतीतील विटांप्रमाणे एकावर एक ठेवलेले हे कण नव्हेत. ते एकमेकांत गुंतून वाढलेले असतात, आणि काळ्या पाषाणाच्या कठीणपणाचे मूळ या गुंतवळ्यात आहे. मात्र सर्वच कोन स्फटिकांनी भरलेले नसतात. लाव्हा झपाट्याने थंड झाला असेल तर उरलेला द्रव काचरूपात गोठतो, आणि ही काच फार काळ काच राहत नाही. पाण्याशी संयोग होऊन तिचे हिरवट वा नारिंगी पदार्थांत रूपांतर होते. यांपैकी क्लोरोफेआइट हा पदार्थ नव्याने फोडलेल्या दगडात हिरवा दिसतो आणि उघड्यावर थोड्याच काळात काळा पडतो. स्कॉटिश भूवैज्ञानिक मॅकलक याने त्याला दिलेले नाव या हिरव्या रंगाशीच निगडित आहे. आपल्याकडे एल. एल. फर्मर याने १९२५ साली भुसावळच्या खोल विंधनातून निघालेल्या लाव्हांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या काचजन्य पदार्थांची बारकाईने चिकित्सा केलेली आहे. कोळशाच्या शोधार्थ घेतलेल्या त्या १,२१७ फूट खोलीच्या विंधनात कोळसा लागला नाही, परंतु एकोणतीस लाव्हाप्रवाह एकावर एक मोजता आले. सरकारी खर्चाने फसलेल्या विंधनाचा शास्त्राला इतका लाभ क्वचितच झाला असेल.

तथापि फर्मरच्या निबंधात बळाचा, म्हणजे खडक किती भार सोसतो याचा, विचार नाही. त्याचे कारण असे की भंगाचे शास्त्र या सुमारास अगदी निराळ्या घरात वाढत होते. फ्रेंच अभियंता कूलोंब याने १७७३ साली दगड व माती कशी घसरून फुटते याचा नियम मांडला होता. खडकाच्या अंगचा चिकटपणा आणि घर्षण या दोन राशींवर तो नियम आधारलेला आहे. १९११ साली थिओडोर फॉन कार्मान याने संगमरवरावर चोहोबाजूंनी दाब ठेवून वरून भार वाढविला, तेव्हा एरवी ठिसूळ असलेला तो दगड तडकण्याऐवजी फुगीर होऊन दबला. ठिसूळपणा हा खडकाचा कायमचा स्वभाव नसून परिस्थितीवर अवलंबून असलेली अवस्था आहे, असे त्यातून सिद्ध झाले. कड्याच्या तोंडाशी मात्र बाजूचा दाब शून्य असतो. म्हणजे कड्यावरचा खडक ठिसूळपणाच्या अगदी टोकाच्या स्थितीत उभा असतो.

खरे वळण मिळाले ते विमानांच्या कारखान्यातून. इंग्लंडमधील फार्नबरो येथील ए. ए. ग्रिफिथ याने काचेचे बारीक तंतू ओढून तोडले आणि १९२०-२१ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. कोणताही ठिसूळ पदार्थ त्याच्या अणूंच्या बंधावरून काढलेल्या बळाच्या मानाने फार लवकर तुटतो, कारण त्याच्या अंगात आधीपासूनच सूक्ष्म भेगा असतात आणि त्यांच्या टोकांशी ताण एकवटतो. भेग जितकी लांब तितके बळ कमी. तेही लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १९२४ साली डेल्फ्टच्या परिषदेत त्याने हेच तत्त्व दाबास लावले आणि सरळ दाबाखालील बळ ताणाखालील बळाच्या आठपट असावे, असे गणित दिले. खडकांचा प्रत्यक्ष आकडा बहुधा याहूनही मोठा येतो, कारण दाबाखाली भेगांची तोंडे मिटून घर्षण सुरू होते. ही दुरुस्ती १९६२ साली मॅक्लिंटॉक व वॉल्श यांनी केली.

ग्रिफिथने काचेविषयी बोललेले खडकाला कसे लागू करावयाचे? येथे सॉर्बीची चकती आणि फार्नबरोचा तंतू यांची गाठ पडते. खडकात ग्रिफिथच्या भेगा कोठे असतात, याचे उत्तर पातळ छेदातच मिळते. त्या कणांच्या सीमारेषांवर, फेल्स्पारच्या सहज फुटणाऱ्या पातळ्यांवर, आणि फेल्स्पार व ऑजाइट थंड होताना निरनिराळ्या प्रमाणात आकसल्यामुळे त्यांच्यामध्ये पडलेल्या केशतुल्य फटींत असतात. म्हणून बारीक कणांचा बेसाल्ट बळकट आणि मोठ्या कणांचा दुबळा ही सामान्य रीत. नाशिक-पुणे भागातील कळसुबाई उपगटात काही प्रवाह असे आहेत की त्यांत फेल्स्पारचे स्फटिक कित्येक सेंटिमीटर लांब वाढलेले आहेत. संग्रहालयात ते सुंदर दिसतात. ग्रिफिथच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील प्रत्येक स्फटिक एक तयार भेग आहे.

१९६६ साली अमेरिकेत ब्रेस, पॉल्डिंग व शोल्झ यांनी दाखवून दिले की, अंतिम भाराच्या एकतृतीयांश ते दोनतृतीयांश इतका भार येताच दाबाखालील खडकाचे आकारमान घटण्याऐवजी वाढू लागते. म्हणजे खडक बाहेरून अभंग असतानाच आतून असंख्य सूक्ष्म भेगा उघडू लागतात. ‘फुटणे’ ही घटना नसून प्रक्रिया आहे, हे येथे प्रथम मोजून सिद्ध झाले. या सुमारास या प्रश्नास एक भयंकर पार्श्वभूमी लाभलेली होती. २ डिसेंबर १९५९च्या रात्री फ्रान्समधील मालपासे येथील कमानी धरण फुटून चारशेहून अधिक माणसे बुडाली. काँक्रीट निर्दोष होते. दोष पायाच्या नाइस खडकात होता. पुढे बर्नेक्स याने प्रयोगशाळेत दाखविले की हा सूक्ष्म भेगांनी भरलेला नाइस दाबला असता त्याची पाणी झिरपू देण्याची शक्ती अतिशय कमी होते. धरणाच्या भाराखाली खडक जणू आतून बंद झाला आणि मागे तुंबलेल्या पाण्याने एका बाजूचा पायाच उचलला. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा गाव बुडवू शकतात, हे तेथे सिद्ध झाले.

महाराष्ट्रात हाच काळ धरणांचा व बोगद्यांचा होता. नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर, म्हणजे वणीकडे जाणाऱ्याच वाटेवर, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली. पायासाठी कोणता खडक ‘चांगला’ हा प्रश्न प्रत्येक धरणावर निघे, आणि त्याचे रूढ उत्तर ठरलेले होते: घट्ट काळा बेसाल्ट चांगला, कुहरयुक्त वाईट. दाबयंत्राचा कौलही तसाच पडे. ताज्या घट्ट बेसाल्टाचे दाबबळ दर चौरस सेंटिमीटरला हजार ते दोन हजार किलोग्रॅम सहज भरते. ज्याच्या पोकळ्यांत झिओलाइट भरलेले आहेत असा खडक पुष्कळदा त्याच्या निम्म्यावरही पोहोचत नाही. पुण्याचे अभियांत्रिकी भूवैज्ञानिक आर. बी. गुप्ते यांनी या रूढ उत्तराविरुद्ध आग्रहाने लिहिले. त्यांचे म्हणणे असे की घट्ट बेसाल्ट हा संधींनी, म्हणजे थंड होताना पडलेल्या नैसर्गिक फटींनी, चिरफाळलेला असतो. त्यातून पाणी गळते व ठोकळे सुटतात. कुहरयुक्त बेसाल्ट मात्र बहुधा संधिविरहित, एकसंध असतो. म्हणून बोगद्यास व पायास तोच अधिक विश्वासाचा.

प्रस्तुत लेखकाच्या मते दख्खनच्या अभियांत्रिकी भूविज्ञानातील हा सर्वांत महत्त्वाचा विचार होय, आणि तो सूक्ष्मरचनेशी जोडला गेला नाही ही खेदाची गोष्ट. मुठीएवढ्या नमुन्यात जो बळकट तो डोंगरात दुबळा, आणि नमुन्यात जो दुबळा तो डोंगरात बळकट, हा विरोधाभास केवळ वरवरचा आहे. बारीक, गुंतलेल्या स्फटिकांच्या खडकात आकुंचनाने सुरू झालेली भेग वाटेत काहीच अडथळा नसल्यामुळे थरभर धावते. तीच पुढे स्तंभाची बाजू होते. कुहरयुक्त खडकात तीच भेग एखाद्या गोल पोकळीत जाऊन बोथट होते आणि थांबते. याच पोकळ्या दाबयंत्रात मात्र नव्या भेगांची जन्मस्थाने ठरतात. सॅमिस व ॲशबी यांनी १९८६ साली सच्छिद्र ठिसूळ पदार्थांविषयी हे गणिताने दाखविले. शिवाय दोन्ही खडकांचा जन्मच निराळा आहे. जी. पी. एल. वॉकर याने १९७१ मध्ये साधे व संयुक्त असे लाव्हाप्रवाहांचे दोन प्रकार सांगितले. संयुक्त प्रवाहात लहान लहान जिभा एकमेकींवर चढतात आणि लवकर थंड होऊन कुहरयुक्त राहतात. साध्या प्रवाहाचा जाड गाभा सावकाश निवतो आणि स्तंभाकार फुटतो.

आता सप्तशृंगाकडे परत येऊ. कड्याचा पाया वरच्या भाराने चिरडला जातो काय, हा प्रश्न एका ओळीच्या गणिताने निकालात निघतो. बेसाल्टाचे वजन घनमीटरला सुमारे २.९ टन धरले तर शंभर मीटर उंचीच्या कड्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला २९ किलोग्रॅम भार येतो. दाबबळ १,५०० धरल्यास हा त्याचा पन्नासावा हिस्साही नाही. घट्ट बेसाल्टाचा स्तंभ स्वतःच्या भाराने चिरडावयाचा तर तो पाच किलोमीटरांहून उंच हवा. मग कपारीचा विचार करू. मऊ थर झिजून आत गेला आणि त्यावरची दोन मीटर जाडीची, संधीविरहित अशी शिळा तीन मीटर पुढे लोंबत राहिली, तर तिच्या पाठीत येणारा ताण चौरस सेंटिमीटरला जेमतेम चार किलोग्रॅम भरतो. खडकाचे ताणबळ शंभराच्या घरात आहे. म्हणजे हीही शिळा पडावयास नको.

परंतु ती पडते. याच शिळेच्या पाठीत वरून एक मीटर खोल फट आहे असे धरून ग्रिफिथच्या वंशातील गणित मांडले, तर भेगेच्या टोकाशी येणारी तीव्रता बेसाल्ट ज्या मर्यादेला एकदम फुटतो तिच्या निम्म्याच्या आसपास पोहोचते. अद्यापही ती मर्यादेच्या आतच आहे. येथे आणखी एक घटक जमेस धरावा लागतो, तो म्हणजे पाणी. १९७७ साली अँडरसन व ग्रू यांनी आणि पुढे ॲटकिन्सनने मांडले की मर्यादेच्या खालच्या तीव्रतेवरही भेग वाढत असते, फक्त अतिशय मंदपणे. कारण टोकाशी ताणलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधावर पाण्याचे रेणू हल्ला करतात व तो बंध तोडतात. कोरड्या हवेत जी भेग जवळजवळ निश्चल राहील ती ओलाव्यात पुढे सरकते. सह्याद्रीच्या पूर्व अंगास दरसाल चार महिने पाऊस पडतो. दरड पावसात कोसळते याचे श्रेय आपण वाहत्या पाण्याच्या जोरास व फटीतील त्याच्या दाबास देतो, आणि ते योग्यही आहे. पण ती कोसळण्याची तयारी मागील शेकडो पावसाळ्यांत, केसाहून बारीक फटींच्या टोकांशी, झालेली असते. उन्हाळ्यात काळ्या कातळाचे दिवसा तापणे व रात्री निवणे याच कामास हातभार लावते.

मऊ थर आत जातो तो का, याचेही उत्तर भिंगाखालीच आहे. दोन प्रवाहांमधील लाल गेरूचा थर आणि काचबहुल कुहरयुक्त खडक यांत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती खनिजे असतात. ती पाणी शोषून फुगतात व वाळल्यावर आकसतात. दरसाल ओले-वाळले होण्याने त्यांच्या आजूबाजूचे कण सुटे होतात. लोमोंटाइट हे झिओलाइट तर कोरड्या हवेत आपले पाणी गमावून भुगा होते. नव्याने फोडलेला दगड एक पावसाळा उघड्यावर ठेवावा ही पाथरवटाची रीत म्हणजे याच खनिजांची परीक्षा होय: ज्या दगडात काचजन्य पदार्थ जास्त, तो त्या अवधीत आपण होऊन तडकतो व बाद होतो. या परीक्षेस दाबयंत्र लागत नाही. किंबहुना दाबयंत्र तिची जागा घेऊ शकत नाही, कारण ताज्या नमुन्याचा आकडा उत्तम येऊनही तोच दगड वर्षभरात भुसभुशीत होऊ शकतो.

यावरून गुप्ते यांच्या मतालाही एक मर्यादा घालावी लागते. कुहरयुक्त खडक एकसंध असतो म्हणून विश्वासाचा, हे बोगद्यात व धरणाच्या पायाखाली खरे, कारण तेथे तो हवेपासून दूर आणि ओलाव्याच्या बाबतीत स्थिर असतो. कड्याच्या तोंडाशी तोच खडक ऊन-पावसात उघडा पडतो, आणि तेथे त्याच्या संधी किती यापेक्षा त्याची काच किती व तिचे काय झाले आहे हे निर्णायक ठरते. सप्तशृंगाच्या कड्यात दोन्ही जातींचे दोष एकत्र येतात: घट्ट थराला संधींचा शाप आणि खालच्या थराला खनिजांचा. नांदुरीजवळच्या मोहनदरीच्या किल्ल्यास जे आरपार नेढे आहे, ते देवीपासून पळणाऱ्या महिषासुराशी लोककथा जोडते. थरांची ही असमान झीज कोठवर जाऊ शकते याचा तो एक नमुना समजावयास हरकत नाही.

२०२२ साली देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जुने थर काढून संवर्धनाचे काम करण्यात आले, तेव्हा मूळ कोरीव काम उघडे झाले. ज्या खडकात ही मूर्ती आहे तोच खडक वर कडा होऊन उभा आहे. मूर्तीसाठी खडकाची जितकी काळजी घेतली गेली तितकी कड्यासाठी घ्यावयाची तर केवळ सुटलेल्या दगडांच्या वाटा मोजून भागणार नाही. जाळी दगड अडविते. भेग अडवीत नाही. कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक प्रवाहातून, आणि विशेषतः दोन प्रवाहांच्या सांध्यातून, नमुने घेऊन त्यांचे पातळ छेद करावेत. काचेचे व चिकणमातीचे प्रमाण मोजावे. आणि त्याच नमुन्यांची कोरडी व ओली अशी दोन्ही बळे काढून, ओल्या-वाळल्या फेऱ्यांनंतर ती पुन्हा काढावीत. काम पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. त्यास एक कर्तनयंत्र, एक सूक्ष्मदर्शक आणि किमान दोन पावसाळे लागतील.